तुपाचं चालतं

तेरा माणसं पत्र्याच्या शेडखाली ओळीनं उभी होती आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता. थंडीनं वाजणारे दात, एवढाच काय तो आवाज. माणसांच्या मुकेपणाला आणि त्यांच्या थंडीला, दोन्हींना मीच जबाबदार होतो.

समोर लाकडी टेबल होतं. टेबलामागे जाड कोट घातलेल्या, भरल्या अंगाच्या एक अधिकारी बाई बसल्या होत्या. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं बोइतुमेलो. झिंबाब्वेतून बोत्स्वानात शिरताना जनावरांच्या रोगराईची तपासणी होते, ती त्यांच्याकडे. पासपोर्टवर शिक्के पडले होते. आता बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, खाण्यापिण्याचं सामान दाखवायचं आणि सुटायचं. दहा मिनिटांचं काम. आम्ही पन्नास मिनिटं तिथं होतो.

बाई ओळीतल्या पहिल्या माणसाकडे बघायच्या आणि थांबायच्या. पहिले होते कुरुंदवाडे सर, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. सरही बाईंकडे बघायचे आणि थांबायचे. मग बाई एक उसासा टाकून रजिस्टरात काहीतरी लिहायच्या, पेन पुसायच्या, चहाचा घोट घ्यायच्या.

"सर, काहीतरी बोला," मी मागून कुजबुजलो.

"सूचना क्रमांक तेवीस," सर ओठ न हलवता म्हणाले. "परदेशी अधिकाऱ्यांपुढे आपणहून बोलू नये. विचारतील तेवढ्याचेच उत्तर द्यावे. विनाकारण हसू नये."

सूचना क्रमांक तेवीस माझी होती. चोवीसही माझी, बावीसही माझी. 'बोत्स्वाना : प्रवाशांसाठी शंभर सूचना' या पिवळ्या पुस्तिकेतल्या शंभरच्या शंभर सूचना मी, भालचंद्र उपळेकर यानं, सांगलीच्या गणपती पेठेत एका माळ्यावर बसून लिहिल्या होत्या. तोवर मी गोवा-बेळगावपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा 'गगनभरारी टूर्स'मध्ये कारकून होतो. मालक नलवडे यांनी एक दिवस भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "उपळेकर, दुबई-सिंगापूर सगळेच नेतात. आपण हत्ती दाखवू." मग माहितीपत्रक हवं, माहितीपत्रकाबरोबर सूचना हव्यात. मी सायबर कॅफेत तीन दुपारी घालवल्या. हिवतापाच्या गोळ्या, लष्करी छापाचे कपडे नेऊ नयेत, गाडीतून उतरून हत्तीचा फोटो काढू नये, असं जेमतेम तीसेक सूचनांचं भांडवल जमलं. मालकांना शंभर हव्या होत्या. उरलेल्या सत्तर मी माझ्या अनुभवातून लिहिल्या. अनुभव सांगलीचा होता. सरकारी माणसापुढे तोंड उघडलं की काम वाढतं, हे मी तहसील कचेरीत शिकलो होतो. ते मी बोत्स्वानाला लावलं. आफ्रिका म्हणजे ऊन, म्हणून सूचना क्रमांक आठ : लोकरीचे कपडे नेऊन ओझे वाढवू नये. जुलै महिना तिथं ऐन थंडीचा असतो, हे मला त्या सकाळी कळलं.

आणि निघायच्या आधी आठ दिवस आमचे नेहमीचे टूर मॅनेजर जिन्यावरून पडले. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुस्तिका तू लिहिलीस, तूच जा. आणि हे बघ, पहिल्यांदा चाललोय असं कुणाला बोलू नकोस. लोकांचा विश्वास उडतो." मी बोललो नाही. उलट मुंबईच्या विमानतळावर कुणीतरी विचारलं तेव्हा, "मागच्या खेपेला जरा जास्त हत्ती दिसले होते," असंही म्हणून गेलो.

"मिस्टर," आमचा ड्रायव्हर लव्हमोर माझ्या कानाशी आला. उंच, शांत माणूस. "तुमच्या लोकांचं काही भांडण आहे का या बाईंशी?"

"नाही बुवा. का?"

"कुणी त्यांना नमस्कारच केला नाही. इथं आधी विचारपूस करतात, मग काम. नुसतं येऊन समोर उभं राहणं म्हणजे..."

आता वेळ माझी होती. पण नमस्कार करायचा कसा, हे मला कुठं ठाऊक होतं? शंभर सूचनांत तेवढंच राहिलं होतं. मी खिशातली पुस्तिका काढून पानं चाळण्याचा आव आणला. तेवढ्यात बसच्या पायरीवर चौदाव्या प्रवासी दिसल्या.

ताराक्का मगदूम. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या, साठी ओलांडलेल्या, नऊवारी पातळ, वर मुलाचा जुना स्वेटर. सूचना क्रमांक आठ त्यांनी मानली नव्हती. मांडीवरचा स्टीलचा डबा सांगलीपासून इथवर त्यांनी एकदाही खाली ठेवला नव्हता. विमानातही नाही. हवाईसुंदरीनं वर ठेवायला मागितला तर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पोरगी पुन्हा त्या रांगेकडे फिरकली नाही.

डब्यात डिंकाचे लाडू होते. ते कुणासाठी, हे बसमध्ये फक्त मला माहीत होतं. हद्दीपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर कासाने नावाचं गाव आहे. आमचा मुक्काम तिथंच. त्या गावात अक्कांची मुलगी राहत होती. वैजयंता, घरची वैजू. पुण्यात शिकायला असताना तिथंच शिकणाऱ्या काबेलो नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं आणि त्याच्या देशात निघून गेली. सहा वर्षं झाली होती. मायलेकींत तेव्हापासून शब्द नाही.

"पत्रं येत्यात तिची," अक्कांनी आदल्या दिवशी झिंबाब्वेतल्या धबधब्यापाशी मला सांगितलं होतं. "दर दोन महिन्याला. मी फोडत न्हाई. तशीच चुलीत घालतो. म्हटलं, गेलीस न्हवं, जा."

"मग लाडू?"

"बाळंतीण झालीया. महिना झाला. गावात कुणाकडनं तरी कळलं." त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. पत्ता होता, फोन नंबर होता. "हा डबा तुम्ही पोचता करायचा. माझं नाव सांगायचं न्हाई. कुणी दिला म्हटली तर म्हणायचं, सांगलीच्या एका बाईनं दिला."

"आणि तुम्ही?"

"मी हत्ती बघायला आलोय," अक्का म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

आता त्या पायऱ्या उतरून थेट टेबलाकडे आल्या. रांग मोडली म्हणून कुरुंदवाडे सरांनी घसा खाकरला, पण अक्का तोवर पुढे गेल्या होत्या. डबा त्यांनी काखेत मारला. उजव्या हातात पासपोर्ट, डावा हात उजव्या कोपराला लावलेला, जसं आपण तीर्थ घेताना लावतो.

"दुमेला, म्मा," अक्का म्हणाल्या.

बोइतुमेलोबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. अक्कांनी त्याच भाषेत चार शब्दांचं उत्तर दिलं आणि उलट त्यांनाही काहीतरी विचारलं. बाईंचा चेहरा उजळला. त्या उठल्या आणि त्यांनी अक्कांचा हात दोन्ही हातांत धरला. सकाळपासून पहिल्यांदाच त्या शेडमध्ये कुणीतरी हसलं.

लव्हमोर माझ्याकडे बघून म्हणाला, "या आजी आधी इथं येऊन गेल्यात का?"

"छे," मी म्हणालो. मलाही तोच प्रश्न पडला होता. पण तेव्हा त्यात शिरायला सवड नव्हती, कारण रांगेतल्या तेराही जणांना अचानक कंठ फुटला होता. दुमेला म्मा, दुमेला मॅडम, दुमेला ताई. कुरुंदवाडे सरांनी तर वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर करून दुमेला म्हटलं. बाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या. पन्नास मिनिटं अडलेलं काम भराभर पुढे सरकू लागलं.

मग बुटांचा कार्यक्रम झाला. औषधानं भिजवलेल्या पट्टीवर बूट टेकवायचे, पायातलेही आणि बॅगेतलेही. सूचना क्रमांक एकतीसप्रमाणे प्रत्येकानं तीन-तीन जोड आणले होते. चपला, बूट, सपाता, सरांच्या लाकडी खडावासुद्धा, सगळं त्या पट्टीवरून गेलं. बाई आता गप्पा मारत होत्या, अधूनमधून अक्कांकडे बघून मान हलवत होत्या. मला हायसं वाटलं. वाटलं, पार पडलं.

"मांस? दूध? लोणी? चीज?" बाईंनी विचारलं. "तिकडून इकडे यातलं काहीही नेता येत नाही. आमची गुरं म्हणजे आमचं सगळं. रोगाची एक साथ शिरली की गावंच्या गावं बसतात."

सगळे नाही नाही म्हणाले. बाईंची नजर अक्कांच्या काखेतल्या डब्यावर गेली.

"त्यात काय आहे?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मिठाई. डिंक, खोबरं, खारीक..."

"आणि?"

मला खोटं बोलता आलं असतं. गेले सहा दिवस मी दुसरं काय करत होतो? पण बाईंनी तोवर झाकण उघडलं होतं. वास सुटला. त्या वासाला काही नाव द्यायची गरजच नव्हती.

"तूप," मी म्हणालो. "गाईच्या लोण्याचं."

बाईंना खरंच वाईट वाटलं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी झाकण हळूच परत लावलं. "हे पुढं जाणार नाही," त्या म्हणाल्या. "इथं बसून खाऊन संपवा, नाहीतर मागं त्या खड्ड्यात टाकावं लागेल. मी नियम मोडू शकत नाही. माझ्या आईनं आणलं असतं तरी मोडला नसता."

मी अक्कांना मराठीत सांगितलं. त्या डब्याकडे बघत राहिल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पैसे भरायला त्या आमच्या माळ्यावर आल्या होत्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "तुपाचं चालतं काय वो?" मी पुस्तिका उघडून सूचना क्रमांक एकेचाळीस वाचून दाखवली होती : घरगुती कोरडा खाऊ, तुपातले लाडू इत्यादी नेण्यास हरकत नाही. ती सूचना पंढरपूर एसटीच्या अनुभवावर बेतलेली होती. त्या क्षणी मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"मॅनेजर," अक्का शेवटी म्हणाल्या. "हितं खाल्लेलं चालतंय म्हणत्यात न्हवं?"

"हो."

"मग तिलाच हितं बोलवा."

"आणि तुम्ही?"

"मी बसमधी बसतो. पडदा लावून घेतो. तिला काय कळतंय?"

बाईंनी आपला फोन दिला. मी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. पलीकडून बाळाच्या रडण्यातून एक आवाज आला, "हॅलो?" मी मराठीत म्हणालो, "सांगलीहून आलोय. तुमच्यासाठी डिंकाचे लाडू आहेत, पण हद्दीवर अडकलेत. इथं येऊनच खावे लागतील." पलीकडून उत्तर आलं, "येते." कुणी पाठवले, हे तिनं विचारलं नाही.

पुढची चाळीस मिनिटं कुरुंदवाडे सर माझ्याशी कार्यक्रमपत्रिकेवर वाद घालत होते. साडेअकराची बोट चुकली तर हत्ती कोण दाखवणार, वगैरे. मी हूं हूं करत होतो. माझं लक्ष बसच्या त्या एका खिडकीकडे होतं. पडदा लावलेला होता, पण पुरता नाही.

पांढऱ्या धुळीनं माखलेली एक पिकअप आली. आधी काबेलो उतरला, अंगानं बारीक, डोळ्यावर चष्मा. त्यानं दार उघडलं आणि बाळाला छातीशी धरून वैजू उतरली. कानाला रुमाल बांधलेला, अगदी आपल्याकडच्या बाळंतिणीसारखा. तिनं आधी बोइतुमेलोबाईंना नमस्कार केला, उजवा हात पुढे, डावा हात कोपराला. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण अजून जुळलं नाही.

"कुठं आहेत?" तिनं मला विचारलं. मी डबा पुढे केला. तिनं झाकण उघडलं, एक लाडू उचलला, नुसता बघितला. पटकन डोळे पुसले. मग पहिला घास घेतला आणि चावायची थांबली.

"थांबा," बोइतुमेलोबाई म्हणाल्या. "ज्याचा माल, तो माणूस इथं हजर पाहिजे. माल संपला अशी त्याची सही लागते."

"मी करतो सही," मी म्हणालो.

"डबा त्या आजींच्या हातात होता. मी बघितला. बोलवा त्यांना."

मी बसमध्ये गेलो. अक्का सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. "माझं नाव सांगितलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही अक्का. पण सही लागते म्हणतात. नाहीतर उरलेले खड्ड्यात टाकतील."

"अंगठा हितनंच घ्या."

"अक्का, पाया पडतो. उतरा."

त्या उतरल्या. डोक्यावरून पदर ओढून, खाली बघत, टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मायलेकींत दोन हातांचं अंतर होतं आणि मधे डबा.

"तू आलीस होय," वैजू म्हणाली. आवाज कोरडा होता.

"हत्ती बघायला आलोय," अक्का टेबलाला म्हणाल्या.

काबेलोनं मोठ्या धैर्यानं हात जोडले. "नमस्कार, आई. कशा आहात?" पुण्यात शिकलेलं मराठी त्यानं जपून ठेवलं होतं.

अक्कांनी पहिल्यांदा मान वर केली. जावयाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "जेवलासा काय?" त्या म्हणाल्या. सकाळचे दहा वाजले होते.

वैजूला हसू आलं असावं, पण तिनं ते दाबलं. हातातला अर्धा लाडू तिनं परत डब्यात ठेवला. "काय उपयोग याचा आता?" ती म्हणाली. "तीस-चाळीस लाडू. मी उभ्या उभ्या किती खाऊ? तुपाचं काही इथं येत नाही, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पण तू पत्रं वाचली असतीस तर ना!"

"लिहिलं होतंस गं!" अक्का एकदम उसळल्या. "पर ह्या मॅनेजरच्या पुस्तकात चालतंय म्हणून छापलं होतं! छापलेलं खरं मानायचं का तुझं?"

अक्कांना आपण काय बोलून बसलो ते आमच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं. त्यांचा हात पदराशी गेला.

वैजू हळू म्हणाली, "अजून काय लिहिलं होतं मी त्यात?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"सांग की."

"तिथं कुणाला भेटलीस तर आधी दुमेला म्हण," अक्का खाली बघत म्हणू लागल्या, शाळेत उभं करून पाठ म्हणायला लावावं तशा. "बाई असली तर म्मा, बाप्या असला तर र्रा. काही देताना डावा हात कोपराला लाव. जुलैत आलीस तर स्वेटर आण. तूप नको, लोणी नको, पेढं नको, वाटेत काढून घेत्यात. काय पण आणू नको. नुसती तू ये."

शेवटचे तीन शब्द म्हणताना त्यांनी पहिल्यांदा लेकीकडे बघितलं.

वैजूनं बाळ काबेलोकडे दिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्का जागच्या हलल्या नाहीत. तिला जवळ घ्यायला त्यांचे हात उठले आणि मधेच थांबले. अशा वेळी माणसानं तिथून निघून जावं. मी गेलो नाही, कारण माझी पाळी आली होती. सगळी बस माझ्याकडे बघत होती. कुरुंदवाडे सरांच्या हातात पिवळी पुस्तिका होती.

"उपळेकर," सर म्हणाले, "एकेचाळीस क्रमांकाची सूचना तुम्ही कोणत्या आधारावर दिलीत?"

"कशाच्याही नाही," मी म्हणालो. "मी इथं आयुष्यात पहिल्यांदा आलोय. ते पुस्तक मी सांगलीत बसून लिहिलं. थंडीचंही मला ठाऊक नव्हतं, तुपाचंही नाही."

बोलून मोकळा झालो. सर पुस्तिकेकडे बघत राहिले. बाकीचे आपापल्या उघड्या दंडांवर हात चोळत माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती मला अजून आठवते. मी अक्कांकडे वळलो. "अक्का, माफ करा. माझ्यामुळं तुमचे लाडू गेले."

"मला ठावं होतं," अक्का नाक पुसत म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही हिकडं आला न्हाईसा ते. हापिसात इचारलं तवा तुम्ही पुस्तक उघडून बघितलंसा. जाऊन आलेला माणूस पुस्तकात बघंल व्हय?"

"मग तरी डबा घेऊन आलात?"

अक्का मला म्हणाल्या, पण बघत होत्या लेकीकडे. "ती नुसती ये म्हणत होती वो. सहा वर्षं म्हणत होती. नुसतं कसं यायचं? इतकं बोललो तिला, दार लावून घेतलं. मग दिवस गेल्याचं पत्र आलं. म्हटलं, लाडू द्यायचं निमित्त हाय. पर तूप चालत न्हाई म्हणून तिनंच लिहिलेलं. तुम्ही चालतंय म्हणालासा. बरं झालं म्हटलं, छापलंय की."

शंभर सूचनांतली एकच सूचना कुणाच्या उपयोगी पडली होती, आणि ती खोटी होती.

वैजू अक्कांपर्यंत कधी पोचली ते मी बघितलं नाही, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. दिसू लागलं तेव्हा अक्का तिच्या तोंडात लाडू कोंबत होत्या आणि ती रडत रडत चावत होती. दीड लाडू गेल्यावर ती पुरे म्हणाली. मग डबा फिरला. काबेलोनं तीन खाल्ले. लव्हमोरनं दोन खाल्ले आणि एक बायकोसाठी खिशात टाकला, तो बाईंनी खिशातून काढायला लावला. मग तोही त्यानं तिथंच खाल्ला. थंडीनं काकडलेल्या तेरा जणांनी उरलेल्यांचा फडशा पाडला. मला कुणी दिला नाही. मी मागितलाही नाही. अक्कांनी बोइतुमेलोबाईंपुढे डबा धरला तेव्हा त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "ड्युटीवर अडवलेला माल मी खात नाही," त्या म्हणाल्या, "पण वास फार चांगला आहे, म्मा."

तळाशी शेवटचा लाडू राहिला. आता कुणालाच जाणार नव्हता. बाईंनी तो कागदात गुंडाळून खड्ड्यात टाकला आणि रजिस्टर पुढे केलं. अक्कांनी वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली.

"मी आता जाऊ काय?" त्यांनी मला विचारायला लावलं. "बसनं न्हाई. हिच्याबरोबर."

मी बाईंना विचारलं. पासपोर्टवर शिक्का होता, व्हिसा पंधरा दिवसांचा होता. बाईंनी अक्कांचे हात पुढे करायला लावले, दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले, एका बादलीकडे बोट दाखवलं. अक्कांनी औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले, तुपाचा ओशटपणा जाईपर्यंत घासले आणि पदराला पुसले.

मग काबेलोनं बाळ त्यांच्यापुढे धरलं. अक्कांनी आधी मागे बघितलं, काखेतला डबा शोधायच्या सवयीनं. डबा टेबलावर होता, रिकामा. हातात काही नव्हतं. त्यांनी बाळ घेतलं आणि तशाच, बाकी काहीच न घेता, पिकअपकडे चालत गेल्या. आम्हाला अकराच्या आत निघायचं होतं, म्हणून मी उरलेल्यांना बसमध्ये बसवलं आणि माणसं मोजली. तेरा भरली.